गिरणगावातील दूरदर्शन



या व्यासपीठावरून गिरणगावाविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. संप झाले, पुढारी झाले, शाहीर झाले, भजनी मंडळे आणि व्यायामशाळाही झाल्या. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत तिला मात्र अजून कोणी इतिहासाच्या पंगतीला बसवलेले नाही. ती वस्तू म्हणजे टी. व्ही. विषय कळवला तेव्हा चालकांनी तोंडाने काही विचारले नाही. पण कामगार चळवळीतला माणूस टी. व्ही.वर काय बोलणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता.

आम्ही विद्यापीठाचे पदवीधर नव्हे. शाळा सुटल्यावर आमचे शिक्षण केले ते युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटाने आणि कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयाने. त्या कपाटातल्या पुस्तकांत कामगार किती तास राबला याचा हिशेब पानोपानी होता. राबून उरलेले तास त्याने कसे घालवले, आणि ते तास तरी त्याच्या मालकीचे होते काय, याचा हिशेब क्वचितच कोठे आढळे. टी. व्ही. आला तो नेमका या उरलेल्या तासांत. म्हणून तो आमचा विषय.

आणखी एक खुलासा. 'आम्ही' म्हणताना आम्ही एकटे नाही. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या भागांतल्या चाळींत १९७० च्या मागेपुढे जन्मलेली जी पोरे, ती सगळी या 'आम्ही'त आहेत. आज त्यांची पन्नाशी उलटली आहे. आमच्या स्वतःच्या आठवणी १९७६–७७ पासूनच्या. त्याआधीचे जे सांगू ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आणि पुढे वाचून पडताळलेले.

हिंदुस्थानात दूरचित्रवाणी सुरू झाली ती दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, तीही प्रयोग म्हणून. आठवड्यातून दोन दिवस, थोडा थोडा वेळ. युनेस्कोच्या मदतीने दिल्लीच्या आसपास 'टेलिक्लब' काढले होते. एका संचापुढे वस्तीतली माणसे जमायची, कार्यक्रम पाहायचा आणि त्यावर चर्चा करायची, अशी ती योजना होती. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशात टी. व्ही.ची पहिली कल्पना दिवाणखान्यातल्या कपाटाची नव्हती, चावडीची होती. त्या आरंभकाळात आपले पु. ल. देशपांडे दिल्लीला या नव्या माध्यमात काम करीत होते, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे. रोजचे प्रक्षेपण १९६५ साली सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी 'कृषिदर्शन' लागले. पण तेरा वर्षे हे सारे दिल्लीपुरतेच. देशातले दुसरे केंद्र निघाले ते मुंबईत, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्यासाठी जागा मिळाली ती वरळीला.

वरळीला! म्हणजे गिरण्यांच्या शेजघरात. सुमारे ३०० मीटर उंचीचा तो लोखंडी मनोरा उभा राहिला, तेव्हा गिरणगावाच्या आकाशात गिरण्यांच्या चिमण्यांखेरीज प्रथमच दुसरे काही उंच दिसू लागले. आमच्या चाळीच्या गच्चीवरून दोन्ही दिसत. चिमणीतून धूर निघे तो डोळ्यांना दिसे. मनोऱ्यातून काय निघते ते दिसत नसे, आणि म्हणून लहानपणी आम्हाला मनोऱ्याचा दरारा अधिक वाटे. पुण्याला १९७३ साली सिंहगडावरून प्रक्षेपण पोचले. कलकत्ता, मद्रास, लखनौ यांची पाळी १९७५ साली आली.

त्या काळी टी. व्ही. घेणे हे आजच्यासारखे दुकानात जाऊन पिशवीत वस्तू टाकण्याचे काम नव्हते. संचाला परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन वर्षाला ५० रुपये भरावे लागत आणि त्याचे एक पुस्तक मिळे. ही पद्धत १९८५ साली बंद झाली. आज तरुणांना सांगितले की टी. व्ही. पाहायला सरकारचा परवाना लागत असे, तर ती हसतात. पण शिधापत्रिकेच्या शेजारी ते पुस्तक ठेवलेले आम्ही पाहिलेले आहे. टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राऊन, बुश, मर्फी, ई. सी. अशी संचांची नावे आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. लाकडी पेटी, चार पाय, आणि पुढे दोन्ही बाजूंनी सरकवून बंद करायचे दार. कित्येक घरांत त्याला कुलूपही असे. संचाची किंमत बदली कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. तेव्हा तो कोणाच्या खोलीत आला असेल हे सांगायला नकोच.

आमच्या चाळीत तो आला जॉबरकाकांच्या खोलीत. जॉबर म्हणजे कोण हे येथे बसलेल्या वृद्ध मंडळींना ठाऊक आहे, तरुणांसाठी सांगतो. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. एके काळी कामगाराला कामावर घेणे आणि काढणे त्याच्या हाती असे. बदलीचे नियम आल्यावर तो अधिकार गेला, पण दरारा राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यांच्या दारात कामासाठी उभे राहण्याची सवय टाकून थोडीच वर्षे झाली होती. आणि आता त्याच दारात त्यांची पोरे टी. व्ही.साठी उभी राहू लागली. आमच्या वडिलांना ते फार लागे. ते स्वतः साचेखात्यात होते आणि लाल बावट्याचे जुने सभासद होते. एका रविवारी आईने, "पोरांना जाऊ द्या की, सिनेमा आहे," म्हटल्यावर ते म्हणाले, "सिनेमा थेटरात असतो. तिकीट काढून बघावा. जॉबरच्या दारात बघू नये." मग त्यांनी विडी पेटवली. आम्ही गेलो. त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

त्या खोलीची बसण्याची व्यवस्था हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. खाटेवर घरची माणसे. जमिनीवर पुढे त्याच मजल्यावरची मुले, त्यांच्यामागे बायका. उंबऱ्यात खालच्या मजल्यावरचे. गॅलरीत, खिडकीच्या गजांना धरून, गाळ्यांतली एकटी राहणारी माणसे. ही माणसे कोकणातून, घाटावरून आलेली. एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्यांना आत बसा असे कोणी म्हणत नसे, आणि त्यांची तशी अपेक्षाही नसे. काही चाळींत रविवारच्या सिनेमाला माणशी दहा पैसे घेत. जॉबरकाकांनी कधी पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. फक्त नळावर पाणी भरताना त्यांच्या घरची कळशी आपोआप पुढे सरके.

आता पडद्यावर काय होते ते पाहू. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, गुरुवारी 'छायागीत', तबस्सुमबाईंचे 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', मुलांसाठी 'किलबिल', विनायक चासकरांचा 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', आकाशानंदांचे 'ज्ञानदीप', आणि येत्या आठवड्याचा पाढा वाचणारी 'साप्ताहिकी'. गुजराती मंडळींसाठी 'संताकुकडी' होती. आम्हाला गुजराती कळत नसे, पण संच चालू असताना उठून जाणे ही कल्पनाच आम्हाला नव्हती. मराठी बातम्या सांगायला एके काळी स्मिता पाटील होत्या. पुढे त्या मोठ्या नटी झाल्या तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका, "आपल्या बातम्यांतली," असेच म्हणत. १९७७ च्या सुमारास चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने खोलीत आले. चिमणराव हा पुण्याकडचा पांढरपेशा गृहस्थ. त्याच्या अडचणी आमच्या अडचणी नव्हत्या. तरीही साचेखात्यातली माणसे त्याला पाहून पोट धरून हसली. 'व्यत्यय' आणि 'क्षमस्व' हे दोन शब्दही आम्हाला शाळेआधी दूरदर्शनने शिकवले. ते पडद्यावर आले की खोलीभर उसासा पडे, आणि कोणीतरी पोर कौलांवर चढून अँटेना हलवण्यास धावे. बहुधा दोष वरळीचा असे, कावळ्याचा नसे. पण कावळा शिव्या खाई.

कामगारांसाठी 'कामगार विश्व' नावाचा कार्यक्रम होता आणि शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं'. यातली गंमत ऐका. गाळ्यांतली ती माणसे 'कामगार विश्व' लागले की विडीकाडीला खाली उतरत, आणि 'आमची माती' लागली की खिडकीचे गज धरून उभी राहत. पुस्तकी समाजशास्त्र सांगते की शहरात वीस-पंचवीस वर्षे काढलेला माणूस शहरी कामगार होतो. आमचा अनुभव निराळा आहे. त्या माणसाचे शरीर साच्यावर होते. त्याचे चित्त गावच्या दोन गुंठ्यांवर, तिथल्या म्हशीवर, भाऊबंदकीच्या बांधावर होते. भाताच्या नव्या जातीची माहिती पडद्यावर सांगितली की दुसऱ्या दिवशी गावी आंतर्देशीय पत्र जाई; लिहायला येत नसे ते आमच्याकडून लिहून घेत. चळवळीतल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या गॅलरीत उभे राहून नुसते पाहिले असते, तरी पुढे १९८२ साली संपकरी माणूस इतके महिने कशाच्या बळावर टिकला याचे निम्मे उत्तर त्यांना आधीच मिळाले असते.

आणि तो पाहणारा तरी कोण? प्रक्षेपण सुरू होई संध्याकाळी, संपे रात्री दहाच्या सुमारास. गिरणीची दुसरी पाळी दुपारी साडेतीनच्या सुमारास भरे, मध्यरात्री सुटे. म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्याला टी. व्ही. नाही. रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी उठून डबा घेण्याच्या गडबडीत, त्याला बातम्यांपुरता. सणासुदीला आणि साप्ताहिक सुटीला काय दिसेल ते दिसेल. गिरणगावात टी. व्ही. पाहिला तो मुख्यतः बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी. बाप मध्यरात्री जेवायला बसला की पोरगा अंथरुणात अर्धवट झोपेत त्याला सिनेमाची गोष्ट सांगे. आमच्यापैकी पुष्कळांना गोष्ट सांगण्याची कला आली ती तिथे. पुढे गेटसभेत भाषण करताना तीच उपयोगी पडली!

टी. व्ही. हे सरकारचे खाते होते, हे विसरून चालणार नाही. १ एप्रिल १९७६ रोजी तो आकाशवाणीतून निराळा झाला आणि 'दूरदर्शन' म्हणून स्वतंत्र उभा राहिला. पण धनी तोच. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जाहिरातीही आल्या होत्या. धनी आपल्या चाकराचा कसा उपयोग करतो याचे नामांकित उदाहरण १९७७ सालचे. आणीबाणी सैल झाली होती, निवडणुका लागल्या होत्या. जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले. ६ फेब्रुवारी, रविवार. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा. त्या संध्याकाळी दूरदर्शनने ठरलेला जुना चित्रपट बाजूला सारून 'बॉबी' लावला. 'बॉबी' तेव्हा काही फार जुना नव्हता. राज कपूरचा, सर्वांच्या तोंडी असलेला. लोक घरी बसतील असा हिशेब. लोक घरी बसले नाहीत, मैदान भरले. मार्चमध्ये सरकार गेले. सभा घेणाऱ्या माणसाला या प्रसंगापासून केवढा धीर येतो म्हणून सांगू! आमची सभा पडली की आम्ही अजूनही एकमेकांना विचारतो, "आज बॉबी होता काय रे?"

आता १९८२. हे वर्ष आम्ही सावकाश सांगणार आहोत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे साठ गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. हा संप का झाला, त्यात काय चुकले, मान्यताप्राप्त युनियनच्या कायद्याने काय घोळ केला, हे या व्याख्यानमालेत अनेकांनी सांगितले आहे. आम्ही ते उगाळत बसत नाही. आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो, आणि भोंगा वाजला नाही अशी पहिली सकाळ आम्हाला आठवते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरात वाईट वातावरण नव्हते. उलट बाप घरी! दुसरी पाळी नाही, रात्रपाळी नाही. जी माणसे दहा वर्षे टी. व्ही.ला पारखी होती ती प्रथमच सलग संध्याकाळी पाहू लागली. आमचे वडील जॉबरकाकांच्या उंबऱ्यात बसून चित्रपट पाहताना आम्ही पाहिले ते त्या मार्चमध्ये. काकाही संपावरच होते. दारातला जुना मान-अपमान आपोआप मिटला होता. संपाच्या बातम्या मात्र आम्हाला पडद्यावरून मिळत नसत. त्या नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असत आणि त्या वाचायला पडद्यापुढे बसत त्याहून अधिक माणसे जमत.

मग पावसाळा आला आणि भांडी निघाली. आधी पितळेची, मग तांब्याची. मग मंगळसूत्राच्या वाट्या. टी. व्ही. असलेल्या चार-पाच खोल्या आसपास होत्या. त्यांतला एकेक संच खाली उतरू लागला. रात्री, अंधारात, चादरीत गुंडाळून. दिवसा नेला असता तर सगळ्या चाळीला दिसले असते; रात्री नेला तरी सगळ्या चाळीला दिसलेच. घेणारे व्यापारी बाहेरचे. ज्या वस्तूसाठी वर्ष-वर्ष हप्ते भरले ती हातावर पडेल त्या किमतीला गेली. जॉबरकाकांचा संच गेला तो श्रावणात. काकू त्या संचावर स्वतः विणलेला एक रुमाल घालत. तो त्यांनी काढून ठेवला आणि पुढे कित्येक दिवस त्या मोकळ्या जागेवर नुसता अंथरलेला असे.

आणि नेमक्या त्याच श्रावणात, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, दूरदर्शन रंगीत झाले! त्याच दिवशी दिल्लीहून 'राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला. नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा व्हावयाच्या होत्या आणि त्यासाठी सारी धावपळ चालली होती. देशाच्या राजधानीत रंग येत होता तेव्हा मुंबईत काय चालले होते? त्याच १५ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी काळ्या फिती लावल्या होत्या. १८ तारखेला त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली, शिपायांचे बंड झाले, गाड्या अडल्या, दगडफेक आणि जाळपोळ झाली. वरळी-नायगावात गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. लष्कर बोलवावे लागले, संचारबंदी लागली. रंगीत चित्राचा पहिला आठवडा आमच्या मुलखाने असा काढला. वर्तमानपत्रात रंगीत संचांच्या जाहिराती येत. त्या कापून आम्ही वहीला पुठ्ठा म्हणून घालत असू, कारण तपकिरी कागदाला पैसे नव्हते.

१९ नोव्हेंबरला स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा आमच्यापैकी निम्मी पोरे मुंबईत नव्हतीच. पुष्कळ कुटुंबांनी बायकामुले गावी पाठवली होती. आम्हीही गेलो होतो. कोकणातल्या त्या गावात विजेचे खांब होते, घरोघर वीज नव्हती, टी. व्ही.चे प्रक्षेपण तर सह्याद्री ओलांडून किंवा किनाऱ्याने तिथवर पोचतच नव्हते. रॉकेलच्या दिव्याखाली आम्ही गावच्या पोरांना टी. व्ही. कसा असतो ते समजावून सांगत असू. चित्र हवेतून येते, हे त्यांना पटेना. खोलीत पंधरा माणसे बसतात आणि एकही बोलत नाही, हे तर मुळीच पटेना.

संप कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९८३ च्या जूनपर्यंत काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या होत्या, काही माणसे परतली होती, हजारो कायमची बाहेर पडली होती. अशा वेळी २५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला हरवून विश्वचषक जिंकला. अंतिम सामना दूरदर्शनने थेट दाखवला. आम्ही तो पाहिला एका व्यायामशाळेत, मागून आणलेल्या कृष्णधवल संचावर. त्या रात्री लालबागला फटाके वाजले. संपानंतर दिवाळीतसुद्धा वाजले नव्हते. या स्पर्धेतली आणखी एक गोष्ट आमच्या धंद्याशी लागू आहे. १८ जूनला झिंबाब्वेविरुद्ध कपिलदेवने १७५ धावांचा जो डाव खेळला, त्याची चित्रफीत जगात कोठेच नाही. का? तर बी. बी. सी.च्या तंत्रज्ञांचा त्या दिवशी संप होता, असे चाळीस वर्षे सांगितले जात आहे. काही जाणकार म्हणतात संप वगैरे काही नव्हता. त्या दिवशी कॅमेरे दुसऱ्या सामन्यांना गेले होते, एवढेच. पण जगात काहीही हरवले की संशय प्रथम युनियनवर, ही रीत लंडनपासून लालबागपर्यंत सारखीच!

१९८४ साली आमच्या मित्रमंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत भर घालून एक जुना संच विकत घेतला. त्या निर्णयासाठी झालेली सभा आम्ही पुढे पाहिलेल्या कित्येक युनियन-सभांपेक्षा अधिक शिस्तीची होती. संच कोणाच्याही खोलीत जाणार नाही, तळमजल्यावर मंडळाच्या जागेत राहील. बसण्यात मजल्याचा भेद नाही. लहान पुढे, मोठे मागे. गाळ्यांतली माणसे आत बसतील. दर घरामागे महिन्याला एक रुपया, काम बंद असलेल्यास माफ. याची एक हिशेबवही होती. टेलिक्लबची दिल्लीतली ती जुनी कल्पना आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हती. गरजेने तीच पुन्हा काढली.

त्या संचावर आम्ही ३ एप्रिलनंतरच्या दिवसांत अंतराळवीर राकेश शर्मांची चित्रे पुन्हापुन्हा पाहावयास मागत असू, पण पुन्हा लावणे आपल्या हाती कोठे होते! ७ जुलै १९८४ पासून 'हम लोग' लागले. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, निम्न मध्यमवर्गीय कुटुंबाची ती कथा. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द समजुतीचे सांगत. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा मान यांचा प्रसार व्हावा म्हणून मेक्सिकोच्या धर्तीवर ही मालिका काढली, आणि तिच्याबरोबर खपल्या त्या दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया. त्या शेवया आमच्या चाळीत प्रथम आल्या तेव्हा एका मावशींनी त्यांना फोडणी दिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबराअखेर इंदिराबाईंची हत्या झाली. ३ नोव्हेंबरचा अंत्यविधी मंडळाच्या जागेत अडीचशे माणसांनी उभ्याने पाहिला. त्यांत त्यांच्या आणीबाणीत तुरुंगात गेलेलेही होते.

१९८४ साली देशात काही महिने जवळजवळ रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उघडत होते. पोच वाढली, पण आमच्या मते याच काळात मुंबईच्या माणसाने काही गमावले. राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीचे मोक्याचे तास दिल्लीच्या हाती गेले. आधी याच वेळेत मराठी माणूस मराठीत हसत होता. आता मराठी कार्यक्रमाला संध्याकाळचा तास, जेव्हा बायका चुलीपाशी आणि पुरुष कामावर किंवा गाडीत. डिसेंबर १९८२ मध्ये सरकारने प्रा. पी. सी. जोशी यांची समिती नेमली होती. हे अर्थशास्त्रज्ञ जोशी. कम्युनिस्ट पक्षाचे पी. सी. जोशी नव्हेत, अशी आम्हाला नेहमी पुस्ती जोडावी लागते. दूरदर्शन दिल्लीकेंद्रित आणि शहरी होत चालले आहे, त्याला हिंदी मुलखाबाहेरच्या आणि गरिबांच्या जीवनाशी जोडा, असा त्या समितीचा रोख होता. अहवाल चांगला होता. चांगल्या अहवालांचे आपल्याकडे काय होते ते गिरणी कामगाराला सांगावयास नको.

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झाले. दर रविवारी सकाळी. तोवर आम्ही युनियनच्या कचेरीत सतरंज्या घालण्यापर्यंत प्रगती केली होती. रविवारी सकाळी दहाची सभा ही चळवळीची पिढ्यान्‌पिढ्यांची वेळ. ती मोडली. नास्तिक म्हणवणाऱ्या पुढाऱ्यांनी दोन आठवडे रिकाम्या सतरंज्यांपुढे भाषणे केली आणि मग सभा अकरावर नेली. पंजाबात तर त्याहून नवल घडले. मूळ मालिका जुलै १९८८ अखेर संपली, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. मागणी काय, तर लवकुशांची पुढील कथा दाखवा! पुष्कळ विद्वान याला हसले. आम्हाला हसू आले नाही. कथेचा शेवट वाल्मीकींच्या आश्रमात होतो, आणि त्या कामगारांचा समाज वाल्मीकींना आपला पूर्वज मानतो. आपल्या पूर्वजाचा भाग कापून कथा संपवली जात आहे, असे त्यांना वाटले. आणि त्यांच्या हाती जे एकच हत्यार होते ते त्यांनी उचलले. सरकारला नमावे लागले, उत्तर रामायण आले. गिरणीचा अडीच लाखांचा संप जिथे हरला तिथे झाडूवाल्यांनी मालिका मिळवली, असे त्या वेळी एक वयस्क सहकारी कडवटपणे म्हणाले होते.

यानंतरचे भराभर सांगता येईल. व्हिडिओ आला, सत्यनारायणाच्या पूजेला रात्रभर तीन सिनेमे लागू लागले. रंगीत संच हप्त्याने मिळू लागले. १९९१ साली आखाती युद्धाबरोबर आकाशातून परदेशी चित्रे आली, आणि २ ऑक्टोबर १९९२ ला, म्हणजे वरळीचे केंद्र निघाल्याला बरोबर वीस वर्षे झाली त्याच तारखेला, 'झी' सुरू झाले. चाळीच्या गॅलरीतून केबलच्या काळ्या वायरी दोरीवरच्या कपड्यांसारख्या लोंबू लागल्या. खोल्यांची दारे संध्याकाळी लागू लागली. पूर्वी ती रात्री झोपतानाच लागत.

मंडळाची ती हिशेबवही आम्ही जपून ठेवली आहे. १९८४ च्या पहिल्या पानावर एकेचाळीस घरांची नावे असून त्यांतल्या सतरांपुढे 'माफ' असे लिहिले आहे. १९८८ मध्ये माफ घरे सहा आहेत. पण एकूण घरेही तेहतीसच, कारण बाकीची खोल्या विकून गावी किंवा डोंबिवलीकडे गेली. १९९२ च्या दिवाळीनंतर वर्गणीचा रकाना रिकामा आहे. त्याखाली शेवटची नोंद अशी आहे : टी. व्ही. दुरुस्ती, पिक्चर ट्यूब, खर्च मंजूर नाही.